गाळलेल्या नावाची काच

माझे लेखन कोणीही वीस सेकंदांपेक्षा अधिक काळ पाहिलेले नाही. माझे वाचक अंधारात बसत, शेंगा फोडत, आणि मजकूर संपला की हुश्श करून सावरून बसत. कारण तो संपल्याशिवाय चित्रपट सुरू होत नसे. इतके अधीर वाचक फार थोड्या लेखकांना लाभले असतील. नळदुर्गच्या पत्र्याच्या चित्रपटगृहात मी अकरा वर्षे काचा लिहिल्या.

काचा लिहिणे म्हणजे काय, हे आता समजावून सांगावे लागते. तळहाताएवढी चौकोनी काच रॉकेलच्या चिमणीवर धरायची. ज्योतीची काजळी तिच्यावर मखमलीसारखी बसली की बाभळीच्या काट्याने अक्षर कोरायचे. काजळी निघाली तेथून उजेड पलीकडे जातो; उरलेला अंधार जागच्या जागी राहतो. वर दुसरी काच ठेवून कडा कागदी पट्टीने चिकटवायच्या, आणि यंत्रात ती उलटी घालायची. मग पडद्यावर ते अक्षर पुरुषभर उंचीचे होऊन उभे राहते. माझी वेलांटी मी तेथे प्रथम पाहिली तेव्हा ती हत्तीच्या सोंडेसारखी वळलेली होती, आणि कोरताना एका कान्यावर माझा हात किंचित थरथरला होता, ती थरथर मागच्या बाकापर्यंत दिसत होती. लेखकाने आपला दोष इतका मोठा करून एकदा तरी पाहावा, असे मला अजूनही वाटते.

निजामाच्या अमलात या काचा उर्दूत असत आणि त्या हमीदचाचा लिहीत. विलीनीकरण झाले, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, तशा पडद्यावरच्याही बदलायला हव्या होत्या. चित्रपटगृहाचे मालक रामलिंगप्पा शेठ. त्यांचा तेलाचा घाणाही मागेच होता, त्यामुळे आमच्या सगळ्या प्रेमकथांना करडईच्या तेलाचा वास येई. त्यांना मराठी हात हवा होता. माझे वडील तुळजापूरचे शिक्षक. त्यांनी मला बोरूने लिहायला आणि वृत्तात म्हणायला शिकवले. शिवणटिपण शिकवायचे मात्र राहून गेले. माझ्या यजमानांची बदली नळदुर्गच्या शाळेत झाली, तेथे संमेलनाचा फलक मी लिहिला, आणि तो फलक पाहून शेठ सरळ घरी आले.

"अक्का, अक्षर कुणाचं? तुमचं? अय्यो, मग येवा की आमच्या शिनेमाच्या टाकीत! काचा लिवा. अन् मंगळवार-शुक्रवार बायकांचा खेळ असतोय, तवा दारावर बी उभं ऱ्हावा."

यजमान म्हणाले, "तुझ्या कवितेला निदान पडदा मिळेल." मी गेले.

हमीदचाचा तेव्हा साठीच्या पुढे होते. त्यांच्या हातचे काम गेले म्हणून शेठनी त्यांना यंत्राच्या खोलीत बसवले होते. ज्या बाईने आपली जागा घेतली तिला शिकवायचे, हे काम कोणालाही जड गेले असते. चाचांनी पहिल्या दिवशी माझ्या हातातला काटा काढून घेतला, त्याचे टोक जरासे बोथट केले, आणि परत दिला.

"बेटी, कांच पे जोर नक्को. उसको भी दुखता." मग पडद्याकडे हनुवटी करून म्हणाले, "लिखावट बदल गई. पडदा तो वोइच है ना?"

त्यांच्या जुन्या काचा एका बिस्किटाच्या डब्यात होत्या. त्या कोणी पाहायला मागितल्या नाहीत, आणि त्यांनी त्या पुसून मला लिहायलाही कधी दिल्या नाहीत.

मजकूर काय असे? पान खाऊन थुंकू नये. रडणारी मुले बाहेर न्यावीत. खेळ चालू असता शिट्ट्या वाजवू नयेत. त्याखेरीज गावातल्या जाहिराती. मिठाईवाल्याला आपल्या जिलबीचे चित्र हवे होते. मी काढले, तर तो तक्रार घेऊन आला की जिलबी दाखवता पण पाक गळत नाही. एकदा एका शेतकऱ्याची म्हैस हरवली. मी काच लिहिली: 'डावे शिंग मोडलेली म्हैस हरवली आहे. पाहिली असल्यास कळवावे.' पडद्यावर ती झळकताच तिसऱ्या रांगेतून एक माणूस उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "आहो, डावं न्हाय, उजवं!" ती म्हैस त्याच्याच गोठ्यात होती. नायकाच्या प्रवेशाला त्या आठवड्यात इतका हशा आणि इतक्या टाळ्या पडल्या नाहीत.

परंतु मला सांगायचे आहे ते एका नावाविषयी.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनचा खेळ बायकांचा. त्या खेळाला आत पुरुषाची सावलीही पडत नसे. शेठ स्वतः दाराबाहेर. चाचा यंत्राच्या खोलीत असत, पण खिडकीला पोत्याचा पडदा बांधून. भिंगापुरते भोक तेवढे उघडे. चित्रपटाच्या रिळांच्या पेटीबरोबर सोलापुराहून वितरकाचा प्रतिनिधी येई, चित्रपटाच्या आधी, मध्ये किंवा नंतर काही भलतेसलते दाखवले जात नाही ना हे पाहायला. तोही बाहेरच्या हॉटेलात चहा पीत बसे. आत बाया पदर कमरेला खोचत, लेकरांना पाजत, नायकाला शिव्या देत. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडत, आणि अंधारात शंभर बांगड्या एकदम हलल्या की पावा सुरू होण्याआधी झांज वाजावी तसे वाटे.

एका मंगळवारी जळकोटच्या दोघी आल्या. पुढे भागूबाई, साठीची, उंच, मेंढपाळाच्या घरची. तिच्या अंगाला लोकरीचा वास होता आणि चालताना ती डोळ्यांनीच माणसे हाकत असे. मागे तिची सून सरू, पंचविशीची. दोघी पहिल्या रांगेत बसल्या. श्रेयनामावली सुरू झाली तशी सरू माझ्याकडे पाहू लागली. मी दारापाशी उभी होते. ती वाकत वाकत आली.

"बाई, नाव कवा येतंय?"

"कुणाचं नाव?"

नवऱ्याचे नाव तोंडाने कसे घ्यावे? तिने कमरेचे पत्र काढून माझ्या हातात दिले. कवडशाच्या उजेडात मी ते वाचले. गोविंद जळकोटकर नावाच्या माणसाने मुंबईहून लिहिले होते: 'या बोलपटातली सगळी गाणी माझी आहेत. आईला घेऊन जा. म्हणावे, ऐक.' खाली एका गाण्याच्या चार ओळी होत्या. मी मान वर केली तेव्हा पडद्यावर 'गीते' हा शब्द आलेला होता, आणि त्याखाली होते: 'कुमार प्रकाश'.

"न्हाय आलं," मी म्हणाले. मलाही तिच्यासारखे बोलावेसे वाटले.

"मग झालं," सरू म्हणाली, आणि जागच्या जागी बसली.

काय झाले, ते तिने मध्यंतरात सांगितले. गोविंद मुंबईत सहा वर्षे. तो सरूला बोलावीत होता, पण भागूबाईने अट घातली होती: नाव पडद्यावर दिसू दे, मग सून पाठवते, नाही दिसले तर मुंबईचा विषय पुन्हा काढायचा नाही. गाव म्हणे, गोविंदा तुरुंगात गेला होता तो तिथंच हाय, पत्रं कुणीतरी दुसरं लिवतंय. भागूबाई शेंगा सोलत दुसरीकडे पाहत होती. तिने एवढेच म्हटले, "बघितलं न्हवं? डोळं फुटलं न्हाईत माझं."

दुसऱ्या भागात ते गाणे आले. शेतात माळ्यावर गोफण फिरवणाऱ्या पोराला नायिका म्हणते:

गोफणीवाल्या दादा रे, जरा हात आवर,
एक दाणा पाखराचा, बाकी तुझंच शिवार.

पत्रातल्या चार ओळींतल्या पहिल्या दोन याच होत्या. पुढच्या दोन चित्रपटात नव्हत्या. पत्रावर पोस्टाचा शिक्का होता आणि तो पेटी सोलापुरात येण्याच्या कितीतरी आधीचा होता. मला आणखी पुरावा नको होता. ज्याने पडद्यावरून ऐकून लिहिले असते त्याने पुढच्या ओळी कोठून आणल्या असत्या? आणि त्या दोन ओळी आधीच्या दोन्हींहून चांगल्या होत्या, हे माझ्या वडिलांच्या शिकवणीने मला सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी प्रतिनिधीला विचारले. त्याचे नाव दाते. सतत पडसे झालेला, सभ्य माणूस.

"कुमार प्रकाश कोण हो?"

"निर्मात्यांचे मेहुणे." दात्यांनी नाक पुसले. "यमकात शिंकताही येत नाही त्यांना."

"मग गाणी गोविंद जळकोटकरांची आहेत?"

दात्यांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत हॉटेलातल्या माशांकडे पाहत बसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "बाई, आमच्या धंद्यात एक यादी आहे. कागदावर कोठेच नाही. पण ते नाव घेतले की समोरचा माणूस चहा मागवतो आणि विषय बदलतो. आताच मी काय केले ते पाहिलेत ना?"

हळूहळू त्यांनी सगळे सांगितले. गोविंदा निजामाच्या काळात सत्याग्रह करून तुरुंगात गेला. सुटला तेव्हा हार पडले. विलीनीकरणानंतर तो कुळांच्या बाजूने लाल बावट्याच्या सभांत पोवाडे म्हणू लागला, आणि पुन्हा आत गेला. सुटला तेव्हा हार नव्हते. मुंबईत त्याचे पहिले गाणे गाजले, तेव्हा कोणीतरी निर्मात्यांच्या कानात पुटपुटले की हा माणूस असला तर तुमचा बोलपट सेन्सॉरच्या कात्रीत अडकेल. तेव्हापासून त्याची गाणी सगळ्यांना हवीत, नाव कोणालाच नको.

"आणि हे तुम्हाला ठीक वाटतं?"

"मला काय वाटते, ते पाहायला मला सोलापुराहून पाठवलेले नाही," दाते म्हणाले. "मी पेटीचा राखणदार. पडद्यावर एक अक्षर जास्त आले तर पेटी उचलून न्यायची, आणि पुढची पेटी या गावाला द्यायची नाही. तसे पत्र आहे माझ्याजवळ." मग जरा थांबून म्हणाले, "बायकांच्या खेळाला मी आत नसतो, हा काही माझा दोष नाही."

ते सहज बोलले, की मुद्दाम, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही.

शेठना विचारले असते तर त्यांनी चित्रपटगृहाचे लायसन दाखवून नकार दिला असता. मी विचारले नाही. याबद्दल मला थोडा खेद आहे, फार नाही. चाचांना मात्र विचारणे भाग होते. काच यंत्रात घालणार ते. त्यांनी ऐकून घेतले, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"किसका नाम मिटाया?"

"लिहिणाऱ्याचं."

"अच्छा." ते उठले आणि कोपऱ्यातून एक नवी, स्वच्छ, बुडबुडा नसलेली काच काढून आणली. "ये लेव. बेल्जम की है. शादी-ब्याह के वास्ते रखी थी."

ती काच मी दोन दिवस लिहिली. आयुष्यात मी कशावर इतके कष्ट घेतले नाहीत. काजळी तीनदा धरली, तीनदा पुसली. 'या चित्रपटातील सर्व गीते: गोविंद जळकोटकर'. गोविंदच्या 'ग'ला मी दाण्याने भरलेल्या कणसाचा झोक दिला, कडेने जाईची वेल कोरली, आणि टिंबाच्या जागी पाखराचा डोळा. सरूला निरोप पाठवला: शुक्रवारी सासूबाईंना घेऊन ये, काहीही करून.

शुक्रवारी दोघी आल्या. दार बंद झाले. पडदा पांढरा उजळला. आधी थुंकू नये, मग मुले बाहेर न्यावीत, मग शिट्ट्या. आणि मग माझी काच. काळ्या मखमलीवर पांढरे नाव, चंद्रासारखे. मी टाळ्यांची वाट पाहू लागले.

शेंगा फुटत होत्या. मधल्या रांगेतली एक बाई जांभई देऊन म्हणाली, "व्हय, थुंकू नगा. कळलं की बया, किती येळा सांगताव?"

"थुंकायचं पयलंच झालं," तिची शेजारीण म्हणाली. "ह्यो पोरं भायेर न्यायचा."

तेव्हा माझ्या लक्षात आले. यांच्यातल्या कोणालाही वाचता येत नव्हते. तीन वर्षे मी त्या दारावर उभी राहून समजत होते की बाया माझे मजकूर वाचून वागतात. त्या काचांचा क्रम पाठ करून वागत होत्या. चौथी काच आली तरी ती त्यांच्यासाठी त्या तिन्हींतलीच एक. आणि सरू? पत्र घेऊन आली तेव्हा तिने ते माझ्या हातात दिले होते. गावातल्या मास्तरांकडून ती ते ऐकत आली होती. मी कविता शिकलेली बाई, अक्षराच्या प्रेमात इतकी बुडाले होते की ते आपण कोणासाठी लिहितो आहोत हेच विसरले.

वीस सेकंद संपत आले होते. चाचा काच काढणार. मी धावत पडद्यापुढे गेले. माझी सावली पडद्यावर पडली, अक्षरे माझ्या लुगड्यावर आली. 'गोविंद' खांद्यावर, 'जळकोटकर' पदरावर. सभेत एक शब्द न बोललेली मी जोराने ओरडले, "बायांनो, ह्यात थुंकायचं काही नाही! यात लिहिलंय, ह्या बोलपटातली सगळी गाणी गोविंद जळकोटकरांची! आपल्या जळकोटच्या गोविंदाची!"

शेंगा थांबल्या. चाचांनी काच काढली नाही.

"कोन गोविंदा?" कोणीतरी विचारले.

"आगं, भागूमावशीचा!" दुसरी ओरडली, ती जळकोटचीच निघाली. "त्यो तुरुंगातला! आन् ही बघा त्येची अस्तुरी, पुढं बसलीया. सरे, ऊठ की! नाव घे!"

"नाव घे! नाव घे!" सगळ्या रांगा उचलून धरू लागल्या. लग्नात, बारशाला, डोहाळजेवणाला जे होते तेच. फक्त मागे वीस फुटांचा उजळलेला पडदा होता. भागूबाई ताठ बसून समोर पाहत होती. सरू उभी राहिली. तिने पदर डोक्यावर घेतला, तो तोंडापुढे आला, तिने तो मागे सारला. सहा वर्षांत तिला कोणी नाव घ्यायला सांगितले नव्हते. गाव ज्याला तुरुंगात समजत होते त्याचे नाव कोण मागणार?

तिने माझ्याकडे, मग काचेच्या वेलीकडे पाहिले. आणि एका दमात म्हणाली:

"काळ्या काचंवर पांढरी अक्षरं, फुलली जशी जाई,
गोविंदरावांची सारी गाणी, दुसऱ्याची एक बी न्हाई!"

पत्रे हलले. खरोखर हलले, छपरावरचे पारवे उडाले त्यांचे पंख आत ऐकू आले. बाया बाकांवर हात आपटत होत्या. एकीने कडेवरचे पोर उंच धरले. "दुसऱ्याची एक बी न्हाई!" मागच्या रांगेने पुन्हा म्हटले. मी शिकलेल्या सगळ्या वृत्तांत असे यमक मला सुचले नसते, हे मला त्या क्षणी ठाऊक होते आणि त्याचा हेवा वाटायला सवड नव्हती.

खेळ सुरू झाला. 'कुमार प्रकाश' हे नाव पडद्यावर आले तेव्हा जळकोटच्या बाईने मला विचारले, "ह्यो काय म्हनतोय?" मी सांगितले. तेव्हा सभागृहाने त्या नावाला जे म्हटले ते मी येथे लिहीत नाही.

बाहेर पडताना दात्यांनी मला गाठले. "आत एवढा गलका कसला? चित्रपट तर सुरू व्हायचा होता."

"बायकांचा खेळ आहे. तुम्हाला कसं सांगू?"

दात्यांनी माझ्या बोटांची काजळी पाहिली. खिशातून वही काढली, आणि पेन्सिलीने लिहिता लिहिता म्हणाले, "दुपारी तीन. प्रतिनिधी चहा पीत होता. शेरा नाही."

शेठना मात्र कळलेच. त्यांच्या सौभाग्यवती तिसऱ्या रांगेत होत्या आणि त्यांनी घरी जाऊन उखाणा तीनदा म्हटला. शेठ लाल होऊन आले. "अक्का, टाकी बुडिवता का माझी?" पण पुढच्या मंगळवारची तिकिटे शुक्रवारीच मागायला दारात बाया उभ्या होत्या. शेठ त्यांच्याकडे पाहत राहिले, मग मला म्हणाले, "ती काच जपून ठिवा. फुटंल."

भागूबाई मात्र गेली नव्हती. ती घाण्याच्या भिंतीला टेकून उभी होती, सरू तिच्या मागे. सरूचा चेहरा पाहून मला कळले की अजून काही ठरलेले नाही.

"बाई," भागूबाई म्हणाली, "ती काच तुमच्या हातची हाय."

मी बोटांची काजळी पदराला पुसली.

"सनिमातली अक्षरं हालत हुती. ही हालत न्हवती. आन् 'थुंकू नगा'ची काच अन् ही काच एकाच हाताची. म्या वाचत न्हाय, पर घोंगडं बघितलं की कुनी इनलंय ते सांगते. तुमचा हात उजवीकडं जरा वढ खातोय."

माझ्या अक्षरावर इतकी अचूक टीका कोणी केली नव्हती. मी म्हणाले, "होय. मी लिहिली. पण लिहिलंय ते खरं आहे, मावशी. तुमची अट मी माझ्या काचेनं पुरी केली, ही लबाडी माझी. तिची नाही."

"खरं हाय ते म्हाईत हाय मला. मंगळवारीच कळालं."

सरू पुढे आली. "आत्या! मंगळवारी? मग गप का बसलाव?"

भागूबाईने पहिल्यांदा नजर खाली केली. "कळालं म्हनलं तर तुला धाडावं लागतंय. तू गेल्यावर म्या कुनासंग बोलू? मेंढरासंग?"

घाणा फिरत होता. तेलाचा ऊबदार वास येत होता. सरूने सासूचा हात धरला आणि सोडला नाही.

"जा तू," भागूबाई म्हणाली. "आयतवारची मोटार हाय. समद्या बायांनी ऐकलंय, आता कुठं तोंड लपवू? जा." मग तिचे डोळे माझ्याकडे वळले आणि त्यांत एकाएकी खट्याळ चमक आली. "पर बाई, माझं काय?"

"तुमचं?"

"'एक दाणा पाखराचा.' ती वळ कुनाची हाय? माळ्यावर पोरगं गोफण घिऊन चिमन्या मारायचं. म्या म्हनायची, आरं, एक दाना पाखराचा, उरलं तुझंच शिवार. म्हनून कळालं की मला. दुसऱ्या कुनाला ठावं आसायला ती?" तिने कमरेवर हात ठेवले. "त्येचं नाव गाळलं म्हनून तुमी काच केली. माझं त्येनं गाळलं. त्येची काच कवा करताव?"

रविवारी सरू मोटारीत बसून सोलापूरला गेली. भागूबाईने तिच्याबरोबर घोंगडे दिले, हुरड्याची पुरचुंडी दिली, आणि गोविंदाला निरोप दिला की पुढच्या बोलपटात गाणे लिहिशील तर आधी विचारून लिही.

मंगळवारी बायकांचा खेळ खच्चून भरला. जळकोटच्या बाया बैलगाड्या करून आल्या होत्या. मी दोन काचा लिहून ठेवल्या होत्या, आणि या वेळी पडद्यापुढे आधीच उभी होते. गोविंदाची झाली. मग दुसरी आली: 'एक दाणा पाखराचा ही ओळ मूळ भागूबाई यांची, मुक्काम जळकोट.' मी ती मोठ्याने वाचली. भागूबाई पहिल्या रांगेत एकटी बसली होती. तिने मान हलवली. विणलेले घोंगडे तपासून ठीक आहे म्हणावे तशी.

पण चित्रपटात गाणे आले, नायिका माळ्याखाली उभी राहून "बाकी तुझंच शिवार" म्हणाली, तशी भागूबाई ताडकन उठली.

"ए बाय! बाकी न्हाय! उरलं! उरलं तुझंच शिवार!"

नायिकेने ऐकले नाही. तिने तेच पुन्हा म्हटले. भागूबाई पडद्यापुढे गेली, बायांकडे तोंड केले, आणि मेंढरे हाकणाऱ्या त्या खड्या आवाजात ओळ सुरू केली, जशी ती पंचवीस वर्षांपूर्वी माळ्याखाली म्हणत असेल तशी, जरा संथ, शेवटचा स्वर वाऱ्यावर सोडलेला. जळकोटच्या रांगेने ती उचलली. मग मधल्या रांगेने. पोत्याच्या पडद्यामागे चाचांनी आवाजाची खुंटी हळूहळू खाली फिरवली, अगदी मुळापर्यंत. पडद्यावर ती सुंदर बाई कितीतरी वेळ ओठ हलवीत राहिली, आणि गाणे आम्ही म्हणत होतो.